क्लच प्लेट

सहा गाड्या गेल्या चार मेला, पहाटे,
कळव्यातल्या माझ्या शेडसमोरून.
नारळ बिपिन गालाने फोडला, पहिल्याच फटक्यात.
खोबरं हातावर ठेवत म्हणाला,
"परकार, जैसलमेरची वाळू आणतो तुला."

सहावी गाडी आठच दिवसांत परत आली.
बाडमेरहून आगगाडीने वांद्र्याला,
वांद्र्याहून टेम्पोने इथे,
गोणपाटात बांधलेली,
आरशांना हिंदी पेपर गुंडाळलेले.

मी उघडली.
टॅपेट जागच्या जागी. चेनला ताण हवा तेवढाच.
क्लच तर नवरीसारखा, हळद न उतरलेला.
एवढी निरोगी गाडी बघून
मला जरा भीतीच वाटली.

संध्याकाळी बिपिन रिक्षाने आला,
तेलाच्या डब्यावर बसला, बराच वेळ.
मग पान्याशी बोलावं तसा बोलला,
हातात माझा चौदाचा पाना होता त्याच्या.

"दुपारचा एक. रस्ता सरळ.
इतका सरळ, की वळायला निमित्त नाही.
पुढचे पाच जण लहान होत गेले,
मुंगीएवढे, मग तेवढेही नाही.
गरमी नव्हे रे. गरमी इथे काय कमी आहे?
हेल्मेटात श्वास ऐकू येत होता
आणि तो माझा वाटत नव्हता.
एका खेजडीखाली गाडी लावली.
फोन लागल्यावर सांगितलं, क्लच गेला."

मी चहा मागवला.
दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन मुंब्रा बायपासला गेलो.
भर दुपारी दोनला, ट्रकांच्या मधून.
डाव्या हाताला पारसिकचा कापलेला डोंगर,
उजवीकडे खाडी, पत्र्यासारखी तापलेली.
तिसऱ्या गिअरात शेळीसारखी चढली.
वर थांबलो, इंजिन बंद केलं
आणि हेल्मेट न काढता
जरा ऐकत राहिलो.

मग शेडमधला भंगाराचा ड्रम उपसला.
तळाशी मानपाड्याच्या पोराची प्लेट होती,
घरोघर जेवण पोचवतो तो.
महिन्याला चार हजार किलोमीटर,
सगळे ठाण्यातल्या ठाण्यात.
घोडबंदर रोडला अर्धा क्लच दाबून दाबून
कोळसा झाली होती ती.
नव्या प्लेटची किंमत ऐकून पोरगा पायरीवर बसला होता.
ती पुसली, बाकड्यावर ठेवली,
आणि बिलबुकात लिहिलं: क्लच प्लेट, नग एक.
रकमेची जागा कोरी.

सत्तावीसला पाच जण आले.
चंद्रहास तांडेलच्या नाकाची साल गेलेली,
सगळे एकाच वेळी बोलत होते,
काझाची थंडी आणि फलोदीचं ऊन
एकाच वाक्यात, जणू शेजारची गावं.
मडगार्डखालून स्पितीचा राखाडी चिखल
खपल्यांनी पडत होता,
आणि एअर फिल्टर झटकला की
गव्हाच्या कोंड्यासारखी वाळू.
बिपिनने सगळ्यांना ताकाच्या पिशव्या आणल्या होत्या.
स्ट्रॉ मात्र विसरला.

ज्योत्स्ना कुरियनने प्लेट उचलली.
ही बाई खारेगावच्या गॅलरीत
स्वतःचं इंजिन स्वतः उतरवते.
तिने दाते मोजले. वास घेतला.
व्यास बोटांनी मापला, दोनदा.
माझ्याकडे बघितलं.
बिपिन पिशवी दातांनी फाडत होता.
"जळालीय," ती म्हणाली, "पार जळालीय,"
आणि काळी बाजू खाली करून
परत ठेवली.

सगळे गेल्यावर झाडू घेतला.
बिपिन दाराशी थांबला होता.
"थांब," म्हणाला,
खाली बसून तेलकट फरशीवरून
बोटाने वाळू गोळा केली,
सोड्याच्या बाटलीच्या झाकणात भरली,
आणि माझ्या हातावर ठेवली,
खोबरं ठेवलं होतं तशीच.

"आणली बघ."